हमालीची दोन फंक्शनं: एका टॅग्ज फाइलीचं प्रकरण

दिवाणजींचा फोन सकाळी सव्वादहाला आला. "ताई, पट्ट्या जुन्याच हमालीनं निघायल्यात. काल दिवसभराच्या सगळ्या." राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. नवा दर आम्ही परवा संध्याकाळी त्यांच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला होता आणि तपासूनच चढवला होता. ज्या मुलानं काम केलं त्यानं मला स्क्रीनवर नवा आकडा दाखवलाही होता. आकडा बरोबर होता. पट्टीवर मात्र जुनाच.

ज्यांचा यार्डाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, दुकानापुढं मांडले जातात, सकाळी सौदा होतो, मग वजन, आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या नावानं पट्टी निघते. रवे किती, वजन किती, दर काय लागला, त्यातून हमाली, तोलाई आणि बाकीची कपात जाऊन हातात किती, हे सगळं त्या एका कागदावर असतं. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा झाला की पुढचे काही महिने हा कागद रोज निघतो. शेतकरी तो घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी जाऊन पुन्हा वाचतो. हमाली कमी कापली गेली तर फरक दुकानदाराच्या अंगावर पडतो, कारण पट्टी घेऊन गावी गेलेल्या माणसाला "कालचे थोडे परत द्या" असं कुणी म्हणत नाही. तो फरक आम्ही आमच्या बिलातून वळता केला. दिवाणजींनी रात्री बसून दिवसभराच्या पट्ट्यांचा ताळा हातानं जमवला, त्याची भरपाई मात्र आम्हाला करता आली नाही.

सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेतलं आहे, जुनं आहे. ज्यानं मुळात लिहिलं तो कधीच पुण्याला गेला. त्याच्यानंतर तीनचार हात लागले. फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, नावं मराठी शब्दांची, रोमन लिपीत: पट्टी छापा, तोलाई काढा, हमाली काढा, उचल वजा करा. ही पद्धत मला आवडते, कारण कोड वाचताना दुकान डोळ्यापुढं येतं. पण एकाच शब्दाची चार स्पेलिंगं होतात आणि शोधताना जीव जातो. "हमाली" ग्रेप केलं, म्हणजे सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला, की तीनशेच्या वर ओळी यायच्या. त्यात टेबलातली कॉलमं, छपाईची लेबलं, कॉमेंटी, व्हेरिएबल, सगळं. त्यातली एक ओळ हवी असायची: हे फंक्शन लिहिलंय कुठं.

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मीच होते. "ताई, उचलीचं कुठंय?" "लिबमध्ये, खाते फाइलीत, मधे कुठंतरी." हा खरा इंडेक्स होता, आणि तो संध्याकाळी सात वाजता घरी जायचा.

नवा मुलगा आला तो कॉलेजात विम हा कोड लिहायचा एडिटर शिकून आला होता. आठवडाभर मला विचारून त्यालाच संकोच वाटायला लागला असावा. एका दुपारी म्हणाला, "ताई, टॅग्ज फाइल करू का?" मी म्हटलं कर.

टॅग्ज फाइल म्हणजे काय, ते एका ओळीत दिसतं. आमच्यातली एक ओळ देवनागरीत उतरवून देते:

हमाली_काढा → लिब/हिशोब.पीएचपी → /^फंक्शन हमाली_काढा($रवे, $वजन)$/;" → एफ

बाणांच्या जागी फाइलीत टॅब असतात. आधी नाव, मग फाइल, मग त्या फाइलीत जाऊन शोधायचा मजकूर, शेवटी प्रकार, इथं एफ म्हणजे फंक्शन. ओळीचा नंबर न देता ओळीचा मजकूर दिलाय, यात मला फार शहाणपण दिसतं. वरती कुणी दहा ओळी घातल्या तर नंबर लगेच खोटा पडतो, मजकूर तसाच राहतो. मधला अर्धविराम आणि अवतरणचिन्हही उगाच नाही. मूळ व्हीआय एडिटरला अवतरणचिन्हापुढचं सगळं कॉमेंट वाटतं, म्हणून नंतरच्या लोकांनी जादा माहिती त्याच्या पलीकडं ठेवली आणि जुने एडिटर मोडले नाहीत.

ही कल्पना आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीची आहे. टॅग्ज फाइल बनवणारा केन आर्नोल्डचा सीटॅग्स हा प्रोग्रॅम १९७९ च्या थ्री बीएसडी या युनिक्सबरोबर आला. डॅरेन हीबर्टचा एक्झ्युबरंट सीटॅग्स १९९६ चा, त्यानं कितीतरी भाषा ओळखायला शिकवल्या. त्याची शेवटची ५.८ आवृत्ती २००९ ची. ते काम थांबल्यावर काही जणांनी त्यातूनच युनिव्हर्सल सीटॅग्स उभा केला, तो आजही चालू आहे. इमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्यांचा ईटॅग्स वेगळा, त्याच्या फाइलीचं नाव कॅपिटल अक्षरांत आणि रचनाही निराळी. मुलगा इमॅक्स वापरत नाही, म्हणून तो विषय आमच्याकडं निघाला नाही.

फाइल नावानुसार लावलेली असते, त्यामुळं विम ती वरून खाली वाचत बसत नाही. मधोमध उघडतो, नाव आधीचं की नंतरचं ते बघतो आणि अर्धी फाइल सोडून देतो. लाखभर नोंदींत सतराएक वेळा बघितलं की काम झालं. नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की आपण फंक्शनाच्या दारात. कंट्रोल आणि टी दाबलं की जिथून आलो तिथं परत. कितीही खोल गेलं तरी एकेक पायरी परत येता येतं.

तीन दिवस मला कुणी काही विचारलं नाही. मुलगा कोडमध्ये असा फिरत होता जसा महाद्वार रोडवरचा पोरगा गल्लीबोळातनं फिरतो. मला खरंच आनंद झाला. चौथ्या दिवशी हमालीचा दर बदलायचं काम आलं.

त्यानं केलं ते कुणीही केलं असतं. पट्टीच्या फाइलीत हमाली काढायचं फंक्शन बोलावलेलं दिसलं. त्यावर कर्सर, कंट्रोल, कंस. फंक्शन समोर आलं, आत ३० किलोच्या रव्याचा आणि १० किलोच्या रव्याचा दर थेट लिहिलेला. आकडे बदलले. मग तपासायला एक छोटी स्क्रिप्ट केली, त्यात हीच फाइल जोडली, पन्नास रवे दिले, नवी हमाली आली. मला दाखवलं. मी मान डोलावली. फाइल सर्व्हरवर गेली.

फोननंतर आम्ही दोघं एकाच स्क्रीनपुढं बसलो. मी म्हटलं, "तू गेलास तसंच परत जा, सावकाश." त्यानं कळा दाबल्या, फाइल उघडली आणि मी खालच्या पट्टीत नाव वाचलं: हिशोब, एक्स्टेन्शन पीएचपी. माझ्या पोटात गोळा आला. पट्टीची फाइल जी जोडते तिचंही नाव हिशोबच आहे, पण एक्स्टेन्शन आयएनसी.

त्या काळात जोडायच्या फाइलींना आयएनसी एक्स्टेन्शन द्यायची पद्धत होती. त्यात एक धोका असतो. वेब सर्व्हरला ही पीएचपी आहे हे ठाऊक नसतं, त्यामुळं कुणी ब्राउझरमध्ये थेट पत्ता घातला तर तो आतला कोड चालवत नाही, तसाच्या तसा वाचायला देतो. हे आमच्यात कुणाच्यातरी लक्षात आलं आणि त्यानं सगळ्या फाइलींच्या पीएचपी एक्स्टेन्शनच्या प्रती केल्या. पुढचं काम होतं, जिथं जिथं त्या जोडल्यात तिथं नाव बदलायचं. ते अर्धवट राहिलं. काही पानं नव्या नावानं जोडतात, बरीचशी जुन्याच. सर्व्हरवर आयएनसी उघडायला बंदी घातली, धोका टळला, आणि प्रती तशाच पडून राहिल्या. मला हे माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

पण दोन फाइलींत एकच फंक्शन असेल तर इंडेक्सनं दोन्ही दाखवायला हवीत. एकच का दाखवलं? मुलानं टॅग्ज फाइलीतच आयएनसी शोधलं. एकही ओळ नाही. मग उलगडलं. सीटॅग्स फाइलीची भाषा प्रामुख्यानं एक्स्टेन्शनवरून ठरवतो, आणि त्याच्या पीएचपीच्या यादीत आयएनसी नाही. त्यानं त्या फाइली पीएचपी म्हणून वाचल्याच नव्हत्या. म्हणजे रोज चालणारं फंक्शन त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं, आणि मेलेलं फंक्शन एकुलतं एक. एकच नोंद असल्यामुळं एडिटरनंही काही न विचारता तिथं नेऊन सोडलं. ग्रेपच्या तीनशे ओळींत निदान दोन्ही फाइलींची नावं दिसली असती. कंटाळवाण्या शोधात जी शंका येते, ती इतक्या चटकन मिळालेल्या उत्तरात येत नाही. मुलाची चूक म्हणाल तर तपासणीची स्क्रिप्ट त्यानं उघडलेल्याच फाइलीला जोडली, एवढीच. चालू पट्टीच्या पानावरून तपासलं असतं तर तिथंच कळलं असतं. ते मीही विचारायला हवं होतं.

हमालीचा दर तर तासाभरात दुरुस्त झाला. इंडेक्स दुरुस्त करायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

आमच्या जुन्या उबंटूवर पॅकेजमधून आलेला सीटॅग्स ५.८ होता. त्यातलं पीएचपीचं वाचन ओळीओळीच्या नमुन्यांवर चालतं, भाषा समजून नाही. कॉमेंटमधल्या इंग्रजी वाक्यात क्लास हा शब्द आला की त्याच्या पुढचा शब्द क्लासचं नाव म्हणून नोंदला जायचा. आमच्या फाइलीत "इज" आणि "फॉर" नावाचे क्लास सापडले ते असे. युनिव्हर्सल सीटॅग्स पीएचपी नीट वाचतो, म्हणून तो घातला. तो घरच्या फोल्डरमधली जुनी सेटिंगची फाइल वाचत नाही. प्रोजेक्टमध्ये डॉट सीटॅग्स डॉट डी नावाचं फोल्डर करून त्यात सेटिंग ठेवावी लागते. त्यात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या: आयएनसी म्हणजे पीएचपीच समज, बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर सोड, आणि बॅकअपचं फोल्डर सोड. तिसरीवर आमचा थोडा वाद झाला. मुलाचं म्हणणं, सगळंच दिसू दे. माझं म्हणणं, बॅकअप गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात आहे, ते फोल्डर मुळात असायलाच नको. शेवटी फोल्डरच काढलं.

मग एडिटरची सवय बदलली. साध्या कंट्रोल आणि कंसानं विम पहिल्या नोंदीवर जातो, बाकीच्या किती आहेत ते सांगतो पण थांबत नाही. त्याआधी जी दाबलं तर एकच नोंद असेल तरच थेट जातो, जास्त असतील तर यादी समोर ठेवतो. आम्ही दुसरी रीत पहिल्या कळांवरच बसवली. मग हमालीवर कळ दाबली तेव्हा दोन नोंदी दिसल्या आणि हात थांबला.

दुसऱ्या दिवशी मुलाला जे सुचलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्यानं टॅग्ज फाइलीतला फंक्शनांचा फक्त पहिला रकाना काढला आणि एकाहून जास्त वेळा आलेली नावं वेगळी केली. वेगवेगळ्या क्लासांत एकाच नावाच्या मेथड असणं चालतं, त्या गाळल्या. सुट्या फंक्शनांची यादी उरली आणि ती चांगली दीड पानाची होती. पीएचपी एका धावेत एकाच नावाचं फंक्शन दोनदा बांधू देत नाही, पुन्हा बांधलंत म्हणून जागीच थांबतो. म्हणजे यादीतल्या प्रत्येक जोडीतल्या दोन फाइली कधीच एकत्र जोडल्या जात नाहीत. आमच्या एका सॉफ्टवेअरमध्ये दोन दुकानं होती, एक चालू, एक बंद, आणि पाटी दोन्हीवर तीच.

कुठलं बंद हे अंदाजानं ठरवायचं नव्हतं. पीएचपीत आतापर्यंत कुठल्या फाइली जोडल्या गेल्या त्यांची यादी देणारं फंक्शन आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी ती यादी एका लॉगमध्ये लिहायला लावली आणि सीझनचा एक पूर्ण आठवडा चालू दिली. हिशोबची पीएचपी प्रत त्यात एकदाही आली नाही. तिला त्याच आठवड्यात काढलं. अशा अकरा फाइली गेल्या. त्या गेल्या तेव्हा घरातलं अडगळीचं सामान निघाल्यासारखं वाटलं.

एका ठिकाणी मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. कांद्याच्या हमालीचं एक वेगळं फंक्शन होतं. इंडेक्समध्ये ते लिहिलेलं दिसत होतं, पण ग्रेप करूनही ते कुठं बोलावलेलं दिसेना. मुलगा म्हणाला, "हे पण मेलंय." त्याची फाइल रोज जोडली जात होती, म्हणून लॉगवरून काही ठरत नव्हतं. मी पट्टीचा कोड ओळीओळीनं वाचला तेव्हा सापडलं: हमाली या शब्दाला मालाचं नाव जोडून फंक्शनाचं नाव तिथल्या तिथं तयार होतं, आणि मग ते बोलावलं जातं. पूर्ण नाव कोडमध्ये कुठंच लिहिलेलं नाही, त्यामुळं ते शोधून सापडणारच नाही. काढलं असतं तर कांद्याची पहिली पट्टी निघताना पान कोसळलं असतं. अशा सगळ्या फंक्शनांच्या डोक्यावर आता कॉमेंट आहे: हे कुठून बोलावलं जातं ते.

फंक्शन कुणीकुणी बोलावलंय हे टॅग्ज फाइल सांगतच नाही, तिला फक्त जन्मठिकाण ठाऊक. सी भाषेसाठी बेल लॅब्जमधून आलेला सीस्कोप ते करतो, आणि ग्नू ग्लोबल पीएचपीतही करतो. आम्ही त्यासाठी ग्रेपच ठेवलंय. लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला भाषेची समज पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम, का नाही, असं बरेच जण विचारतात. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये त्याचा प्रोटोकॉल खुला केल्यापासून कुठल्याही एडिटरला भाषेची खरी समज देता येते, आणि नव्या कोडसाठी मी तोच घेईन. पण आमच्या यार्डातल्या मशिनी चार जीबीच्या आहेत, कधीकधी तिथंच बसून दुरुस्ती करावी लागते. तिथं एक साधी मजकुराची फाइल लागते तेवढीच बरी.

इंडेक्स शिळा होऊ नये ही शेवटची गोष्ट. मजकुरावरून शोध असल्यानं ओळी सरकल्या तर चालतं, पण फंक्शनाच्या ओळीतच फेरफार झाला की विमला तो मजकूर सापडत नाही. तो जवळपासचं काहीतरी धरून तिथं नेतो आणि खाली सांगतो की टॅग मिळाला नाही, नुसता अंदाज आहे. घाईत तो संदेश कुणी वाचत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून गिटच्या हुकात, म्हणजे ठरावीक वेळी गिट आपणहून चालवतो त्या स्क्रिप्टमध्ये, टाकलं: कमिट, मर्ज किंवा ब्रँच बदल झाला की इंडेक्स आपोआप नव्यानं बनतो. आधी दुसऱ्या नावानं लिहून पूर्ण झाल्यावरच जागेवर सरकवतो, नाहीतर अर्धवट फाइल वाचली जाते. टॅग्ज फाइल स्वतः गिटमध्ये नाही, नाहीतर प्रत्येक मर्जला तिचीच भांडणं. गिटमधून प्रोजेक्टची नवी प्रत (क्लोन) घेतली तर तिच्याबरोबर हुक येत नाहीत, त्यामुळं ते प्रोजेक्टमधल्या एका फोल्डरमध्ये ठेवलेत आणि नव्या मशीनवर गिटला तो रस्ता एकदा दाखवावा लागतो.

हमालीचे दर आता कोडमध्ये नाहीत. टेबलात आहेत, कुठल्या तारखेपासून लागू ते शेजारी. दिवाणजी स्वतः भरतात. त्यांना ते स्क्रीन दाखवायला मी आणि मुलगा यार्डात गेलो, तेव्हा त्यांनी त्या दिवसाच्या पट्ट्यांचा हातानं मांडलेला ताळा कपाटातून काढून आमच्यापुढं ठेवला. चार पानं, लाल पेनानं फरक लिहिलेला. काही बोलले नाहीत. मुलानं त्यांना विचारून चारही पानांचे फोटो काढले, आणि त्यातल्या पट्ट्या आता आमच्या तपासणीत आहेत: दर बदलला की आधी त्या दिवसाचा हिशोब चालू पट्टीच्या पानावरून काढायचा आणि लाल आकड्यांशी जुळवायचा.

दुहेरी नावांच्या यादीत अजून चार जोड्या आहेत. त्या वर्षअखेरीच्या कामाशी संबंधित आहेत, आठवड्याच्या लॉगमध्ये त्या येणं शक्यच नव्हतं. त्यांना ३१ मार्च होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय. लॉग चालू आहे.